शिरोरेषा जाड का झाली?

बंद बाल्कनीत, गच्चीवरच्या खोलीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात छोटं सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारं यंत्र, बसवणारे दोन-तीन हौशी भेटले, की गप्पा हमखास सुधारणांवर येतात. एकाला बेड मोठा हवा असतो. दुसऱ्याला बिट फिरवणारं राऊटर काढून तिथे पाण्याने थंड राहणारा २.२ किलोवॅटचा स्पिंडल बसवायचा असतो. तिसरा बिट आपोआप बदलणाऱ्या यंत्राची स्वप्नं बघत असतो. मागण्या चुकीच्या नाहीत, त्यांचा क्रम मात्र बहुधा उलटा असतो. कारण हौशी यंत्रावरचं काम बिघडतं ते ताकद कमी पडते म्हणून क्वचितच. आपण कुठे आहोत आणि बिटाखाली काय चाललंय, याचा यंत्राला पत्ताच नसतो, म्हणून बिघडतं.

दारावरची पाटी हे बहुतेकांचं पहिलंवहिलं काम. सागवानाची फळी, ९० अंशांचं व्ही-बिट आणि घरमालकाचं आडनाव. हे बिट जेवढं खोल जातं त्याच्या दुप्पट रुंद चर पाडतं. म्हणजे फळीचं एक टोक ०.३ मिलिमीटरने उचललेलं असेल, तर तिथला चर ०.६ मिलिमीटर जास्त रुंद होतो. रोमन अक्षरं सुटी असल्याने त्यांत हा फरक पचून जातो. देवनागरीत मात्र शिरोरेषा आडवी, सलग, पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. ‘कुलकर्णी’ची सुरुवात नाजूक आणि शेवट ठसठशीत झाला, की दारात उभ्या पाहुण्यालाही ते दिसतं.

दोष फळीचा असतो किंवा खालच्या एमडीएफच्या बेडचा. पावसाळ्यात एमडीएफ ओल धरतं, फुगतं, आणि उन्हाळ्यात सपाट असलेला बेड जुलैत तसा राहत नाही. तांब्याच्या सर्किट बोर्डवर कोरीवकाम करणाऱ्यांनी यावर उपाय केव्हाच शोधलाय. ते बिट जागोजागी टेकवून पृष्ठभागाचा उंचसखलपणा मोजतात आणि ‘बीसीएनसी’सारखं सॉफ्टवेअर त्यानुसार खोली बदलत जातं. तांब्यातून वीज वाहते, म्हणून बिट टेकल्याचं कंट्रोलरला कळतं. लाकडातून ती वाहत नाही. लाकडासाठी टोकाला स्विच असलेला प्रोब लागतो, आणि हौशी यंत्राबरोबर तो सहसा मिळत नाही. सुधारणांच्या यादीत त्याला वरची जागा द्यायला हवी. तोवर पाऊस स्थिरावल्यावर बेडवरून सपाट बिटाचा एक पातळ हात फिरवून घेणं, हाच मार्ग.

देवनागरीची आणखी एक अडचण आहे. फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराला शिरोरेषेचा स्वतःचा तुकडा असतो आणि शेजारशेजारचे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. छपाईत ते दिसत नाही. अक्षरांच्या बाह्यरेषा काढून त्या यंत्राला दिल्या, की प्रत्येक सांध्यावर बिट नको तिथे वळतं. म्हणून आधी इंकस्केपसारख्या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहायचा, त्याचे पाथ करायचे, ‘युनियन’ने सगळे जोडून घ्यायचे आणि मगच फाइल पुढे पाठवायची. कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरने हे जोडकाम स्वतः करावं, जोडाक्षरं न फोडता.

आता मोटरकडे वळू. आजच्या बहुतेक हौशी यंत्रांची वंशावळ नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड याने २००९ मध्ये लिहिलेल्या ‘जीआरबीएल’ या मोफत फर्मवेअरपर्यंत जाते. अवघ्या ३२ किलोबाइट मेमरीच्या आर्डुइनोवर तीन अक्ष चालवण्याची करामत त्याने करून दाखवली. २०११ मध्ये एडवर्ड फोर्डचं ‘शेपोको’ किकस्टार्टरवर आलं आणि राऊटर घरगुती टेबलावर पोहोचलं. यंत्रं स्वस्त झाली ती एका तडजोडीमुळे: कंट्रोलर मोटरला ‘इतकी पावलं चाल’ असं सांगतो, पण ती खरंच चालली का, हे विचारत नाही.

एरवी याने काही बिघडत नाही. मग सागवानात गाठ लागते. सुताराची पटाशी गाठीला भिडली की मनगटाला ते आधी कळतं; तो कोन बदलतो, नाहीतर उलट्या बाजूने येतो. यंत्र तसंच रेटतं आणि मोटर घसरते. साध्या स्टेपर मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं असतात. २० दात्यांची जीटी-२ पुली एका फेऱ्यात ४० मिलिमीटर पट्टा ओढते, म्हणजे पाऊल ०.२ मिलिमीटरचं. घसरलेली मोटर चार-चार पावलांच्या पटीत मागे पडते. म्हणून जाळीचं नक्षीकाम अर्ध्यावरून अचानक ०.८ किंवा १.६ मिलिमीटर सरकलेलं दिसलं, तर कोरण्याच्या फाइलमध्ये चूक शोधत बसू नये. पावलं तिथेच हरवलेली असतात.

पाठीवर फिरणं मोजणारा एन्कोडर असलेली क्लोज्ड-लूप मोटर ही घसरण ओळखते. थोडं मागे पडली तर स्वतःच भरून काढते, फारच मागे पडली तर अलार्म देते. मात्र अलार्मची ती तार कंट्रोलरला जोडलेली हवी. नाहीतर एक मोटर थांबते, बाकीचे अक्ष चालत राहतात आणि उरलीसुरली फळीही वाया जाते.

वीज जाण्याचंही तसंच. चार तासांच्या कोरीवकामात तिसऱ्या तासाला दिवे गेले, की यंत्र स्वतःची जागा विसरतं. जीआरबीएल कामाचा शून्यबिंदू मेमरीत जपून ठेवतं, पण तो यंत्राच्या मूळ कोपऱ्यापासून मोजलेला असतो. तो कोपरा पुन्हा सापडण्यासाठी होमिंग स्विच लागतात. मोठ्या स्पिंडलच्या तुलनेत त्यांचा खर्च नगण्य आहे, तरी कित्येक यंत्रं त्यांच्याशिवाय विकली जातात.

बिट आपोआप बदलण्याचं आकर्षण मोठं आहे. खरा त्रास मात्र बिट बदलण्याचा नसून नव्या बिटाची लांबी मोजण्याचा असतो. गणपतीची उठावाची मूर्ती कोरताना आधी जाड बिटाने लाकूड उतरवायचं, मग गोल टोकाच्या बारीक बिटाने सफाई करायची. पण ज्या पृष्ठभागावर शून्य धरलं होतं, तो पहिल्या बिटाने उडवलेला असतो. आता मोजायचं कुठून? बेडच्या कडेला कायमचा बसवलेला, बिटाची लांबी मोजणारा टूल-सेटर हा प्रश्न सोडवतो. मूळ जीआरबीएलला बिट बदलण्याची एम-६ ही आज्ञा कळत नाही. ‘जीआरबीएल-हॅल’सारख्या नव्या फर्मवेअरला कळते. बिट हाताने बदला, मोजणी यंत्रावर सोडा. निम्मं स्वप्न तिथेच पुरं होतं.

वेगाचा हट्ट समजण्यासारखा आहे, पण त्यामागचा हिशोब वेगळा असतो. १८,००० फेऱ्यांवर दोन धारांचं बिट मिनिटाला १,८०० मिलिमीटर सरकलं, तर प्रत्येक धार ०.०५ मिलिमीटरचा ढलपा काढते. यंत्र थरथरतं म्हणून सरकण्याचा वेग ६०० वर आणला, तर ढलपा ०.०२ पेक्षाही पातळ होतो. धार मग कापत नाही, घासते, लाकूड करपतं. त्यात सागवानात मुळातच सिलिका असल्याने धार आणखी लवकर बोथट होते. इथे उपाय मोठ्या मोटरचा नाही, सांगाडा ताठ करण्याचा आहे.

घासून निघणारी बारीक भुकटी फुप्फुसात जाते ते वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाच्या धुळीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. बंद बाल्कनीत काम करणाऱ्याने धूळ ओढणारी व्यवस्था ‘पुढे बघू’ या यादीत ठेवू नये.

आणीबाणीत यंत्र थांबवणाऱ्या लाल बटणाचंही बघून घ्यावं. अनेक यंत्रांत ते दाबल्यावर मोटरी थांबतात, पण बिट फिरवणारं राऊटर थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडलेलं असल्यामुळे फिरतच राहतं. एकाच जागी रुतून फिरणारं बिट लाकूड तापवतं, आणि त्यातली एक ठिणगी नळीतून भुशाच्या पिंपात पोहोचली तर आग लागते. राऊटर आणि धूळ ओढणारा पंखा, दोन्ही त्याच बटणावर बंद व्हायला हवेत.

यंत्रं जुळवून विकणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती. पत्रकावर बेडचा आकार आणि स्पिंडलचे वॅट ठळक छापता, त्याशेजारी आणखी चार ओळी छापा: बिटाच्या टोकाला ठरावीक जोर लावल्यावर ते किती मिलिमीटर झुकतं, होमिंग स्विच आहेत का, टूल-सेटर आहे का, आणि लाल बटण दाबल्यावर नेमकं काय काय बंद होतं. आणि घेणाऱ्यांनी या चार ओळी वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.