घंटा वाजण्याआधी

आंद्रेई तारकोव्हस्कीचा ‘आंद्रेई रुब्लेव्ह’ हा तीन तासांहून मोठा कृष्णधवल चित्रपट. पूर्ण झाला १९६६ साली, पण सोव्हिएत प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला १९७१ उजाडलं. नायक पंधराव्या शतकातला भिक्षू, येशू-मेरीची, देवदूतांची पूजेची चित्रं काढणारा. आणि अख्ख्या चित्रपटात तो चित्र रंगवताना म्हणून दिसत नाही! दिसतो पाऊस, चिखल, आणि सख्ख्या भावाचं शहर लुटायला तातारांना घेऊन आलेला राजपुत्र. त्या लुटीत एका मुलीला वाचवताना रुब्लेव्हच्या हातून माणूस मरतो. मग तो बोलणं सोडतो, कुंचलाही सोडतो.

आपण संतपटांवर वाढलेली माणसं. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबांना न्यायला विमान येतं, तेव्हा माझे हात आजही आपसूक जोडले जातात. रुब्लेव्हसाठी असं कुणीच धावून येत नाही. म्हणूनच मला हा चित्रपट श्रद्धेच्या फार जवळचा वाटतो.

शेवटच्या प्रकरणात बोरिस्का नावाचा पोरगा येतो. बाप घंटा ओतणारा, साथीत गेलेला. मरताना त्याने मला गुपित सांगितलं, असं राजाच्या माणसांना ठोकून देऊन पोरगा काम मिळवतो. घंटा वाजली नाही तर मान जाणार. इथे तारकोव्हस्की अजिबात घाई करत नाही. हवी तशी चिकणमाती मिळेना म्हणून पोरगा वणवण करतो, आणि भर पावसात उतारावरून घसरत खाली जातो तेव्हा ती सापडते. खड्डा, साचा, भट्ट्या, चरांतून धावणारा तापलेला रस, सगळं आपण त्याच्याबरोबर सोसतो. वयाने मोठ्या कारागिरांवर तो ओरडतो, कारण आतून घाबरलेला आहे. मुका रुब्लेव्ह लांबून बघत असतो.

घंटा वर चढते. लोलक हलू लागतो. एक हेलकावा, दुसरा, अजून आवाज नाही. माझा जीव दर वेळी इथे टांगणीला लागतो. हा प्रसंग सुटा काढून दाखवला तर नुसती उत्कंठा उरेल. आधीचे तास अंगावर घेतलेल्याला मात्र तो टोल छातीत जाणवतो.

त्यानंतर चिखलात पडून पोरगा रडतो. बापाने गुपित सांगितलंच नव्हतं. रुब्लेव्ह त्याला कुशीत घेतो आणि वर्षानुवर्षांचं मौन सोडतो: तू घंटा ओत, मी चित्रं काढीन, चल.

मग पडद्यावर एकदम रंग येतात. रुब्लेव्हची खरी चित्रं, तीही आधी इतक्या जवळून की नुसते तडे, सोनेरी कड, निळ्या वस्त्राची घडी. ‘ट्रिनिटी’मधले ते तीन देवदूत मी छापील पुस्तकात कितीदा पाहिले होते. त्यांच्या निळ्याला एवढी किंमत मोजावी लागली असेल, हे मला या चित्रपटाने दाखवलं. म्हणून कुणी विचारलं तर आग्रहाने सांगतो: एका बैठकीत बघा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि कंटाळा आला तरी उठू नका.