साठ टक्के पाऊस

कालिदासाच्या यक्षाने ढगाला दूत केले आणि त्याच्याबरोबर निरोप धाडला. आमच्या हवामान खात्याने हा मामला उलटा केला. शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला देण्यासाठी 2019 साली मोबाईलवरचे एक अ‍ॅप निघाले आणि त्याचे नाव ठेवण्यात आले 'मेघदूत'. म्हणजे आता ढगाने कुणाचा निरोप न्यायचा नाही, ढगाचाच निरोप आपल्याला यायचा! वर्गात यक्षाचा उल्लेख आला की मागच्या बाकावरचा एखादा शेतकऱ्याचा मुलगा हमखास विचारतो, "सर, ते मंगळवार-शुक्रवारचं का?" कृषिसल्ला आठवड्यातून या दोन वारी येतो, हे त्याला ठाऊक असते. मी नाराज होत नाही. शंभरातल्या नव्वद घरांत यक्षापेक्षा त्या सल्ल्याची गरज अधिक, हे मलाही कळते.

मी मराठीचा प्राध्यापक. हवामानशास्त्राशी माझा संबंध छत्रीपुरता. परंतु माझे थोरले बंधू मानवत तालुक्यात शेती करतात आणि मृग लागला की रोज रात्री जेवणे झाल्यावर त्यांचा फोन येतो, "काय म्हनतंय रे तुझं यंत्र?" तसे यंत्र त्यांच्याजवळही आहे, माझ्यापेक्षा नवे आहे. पण त्यांना चार जणांची मते गोळा करून सांगणारा माणूस हवा असतो आणि प्राध्यापक नावाचा प्राणी त्या कामाला बरा, असे त्यांचे मत आहे. या फोनापायी मी चार हवामान-अ‍ॅपे बाळगू लागलो आणि हजेरीपटाची एक कोरी वही काढून त्यांची रोजची हजेरी मांडू लागलो. नावे सांगत नाही. वहीत मी त्यांना टोपणनावे दिली आहेत. एक 'घाबरट', आभाळात कापसाएवढा ढग दिसला की पावसाचे चित्र काढणारे. दुसरे 'बेफिकीर'. तिसरे 'चंचल', सकाळी एक म्हणते, दुपारी दुसरे. चौथे 'टक्केवाले', ते सारे काही टक्क्यांत सांगते.

तुम्ही म्हणाल, मग सांगा, कोणते खरे? दोन वर्षे वही लिहूनही या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि त्याला कारण आहे. 1884 साली अमेरिकेत फिनले नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने चक्रीवातांचे अंदाज वर्तवले आणि आपले जवळजवळ 97 टक्के अंदाज बरोबर आले असे जाहीर केले. लगेच कुणीतरी हिशेब करून दाखवले की, "आज चक्रीवात होणार नाही" एवढे एकच वाक्य त्याने रोज म्हटले असते तर तो 98 टक्क्यांहून अधिक खरा ठरला असता! आमच्या परभणीत वर्षाचे तीनशे दिवस तरी सांगण्याजोगा पाऊस पडत नाही. म्हणजे 'बेफिकीर' हे अ‍ॅप झोपा काढूनही पहिल्या वर्गात उत्तीर्ण. परीक्षेचा अनुभव असलेल्या माणसाला असल्या गुणांचे मोल वेगळे सांगायला नको.

बरे, ताडून पाहायचे ते तरी कशाशी? थंडीत वर्तमानपत्रांतला तपमानाचा तक्ता काढून पाहा. त्यात 'परभणी' एक असते आणि 'परभणी (कृषी)' दुसरे. एक आकडा शहराचा, दुसरा कृषी विद्यापीठाच्या शिवारातला. ऐन थंडीत दोहोंत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. एकाच गावाच्या दोन काड्या एकमेकींशी जुळत नाहीत, तर बिचाऱ्या अ‍ॅपाने कुणाशी जुळवून घ्यावे?

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. अ‍ॅपे पुष्कळ असली तरी दळणाच्या गिरण्या थोड्याच आहेत. इंग्लंडातील रेडिंग येथून चालणारे युरोपीय देशांचे केंद्र, अमेरिकेचे सरकारी केंद्र, आपले भारतीय खाते, अशा मोजक्या ठिकाणी महागणकयंत्रे पृथ्वीचे चौकोन पाडून वाऱ्या-आर्द्रतेचे गणित सोडवतात. बहुतेक अ‍ॅपे तेच पीठ आणतात, आपापल्या परीने चाळतात आणि रंगीत पिशवीत भरून देतात. आपल्याकडचा चौकोन पूर्वी 12 किलोमीटरचा होता. 26 मे 2025 पासून 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली, तिचा चौकोन 6 किलोमीटरचा. प्रगती मोठीच, पण 6 गुणिले 6 म्हणजे 36 चौरस किलोमीटर. एवढ्यात आमच्याकडची दोन-चार गावांची शिवारे बसतात. आणि आमचा पाऊस कसा? बैलाचे एक शिंग भिजते नि दुसरे कोरडे राहते, असा.

भाषेचा माणूस म्हणून मला हवामान खात्याचा एक शब्द फार आवडतो : 'तुरळक'. आपण तो सैल हाताने वापरतो. खात्याच्या भाषेत त्याला माप आहे. त्या विभागातील एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस पडणार असेल तर 'तुरळक ठिकाणी'. बातमी ऐकून "कुठं पडला? खोटं बोलतात!" म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, 'तुरळक' म्हणताना चारातल्या तिघांना कोरडे ठेवण्याची कबुली आधीच दिलेली असते.

तसा आमचा जिल्हा अंदाजांच्या बाबतीत सधनच. सहदेव-भाडळीची वचने म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, कृषी विद्यापीठ आहे, आणि पंजाबराव डख हेही याच जिल्ह्याचे, सेलू तालुक्याचे. त्यांचे संदेश गावोगावच्या मोबाईलवर फिरतात आणि पारावर त्यावरून दोन तट पडतात. मी त्या वादात शिरत नाही. दादा सगळ्यांचे ऐकतात.

ते नेमके कसे ऐकतात, हे मला एका जूनमध्ये कळले. तिसरा आठवडा होता. दोन सरी होऊन गेल्या होत्या, आजूबाजूला तिफणी निघाल्या होत्या. 'टक्केवाले' उद्यासाठी साठ टक्के दाखवीत होते. मी तसे सांगितले.

"साठ टक्के म्हंजे काय रे?"

"असं दहा वेळा सांगितलं, तर सहा वेळा पाऊस यायला पाहिजे, दादा."

"म्हंजे उद्या पडला तरी ते खरं, अन् न्हाई पडला तरी खरं?"

"एका दिवसापुरतं तसंच."

"बरं हाय त्याचं." मग थोडे थांबून ते म्हणाले, "बियान्याची ब्याग साठ टक्के पेरता येत न्हाई."

माझ्याजवळ यावर उत्तर नव्हते. सोयाबीनचे बियाणे एकरी तीस किलो लागते. ते मातीत गेले आणि पुढे उघडीप पडली तर सारे पुन्हा : बियाणे, खत, मजुरी, आणि सावकाराच्या किंवा सोसायटीच्या दारात उभे राहणे. दुबार पेरणी हा शब्द शहरात बातमी असतो; घरात तो वहिनींच्या गळ्यातला दागिना असतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषी खात्याचा सल्ला असतो, तो याचसाठी. दादांनी वावरात हात खुपसून ओल पाहिली आणि आणखी सहा दिवस तिफण काढली नाही. त्या सहा दिवसांत मी त्यांना फोन करायला कचरत होतो.

म्हणून जूनमध्ये 'घाबरट' आमच्या कामाचे नाही. ते पाऊस-पाऊस करून माणसाला पेरायला लावील. पण ऑक्टोबरात उलटे! सोयाबीन कापून वावरात पडलेले असते, मळणी यंत्राचा नंबर लागायचा असतो. अशा वेळी 'कोरडे' म्हणून चुकणारे अ‍ॅप घरावर नांगर फिरवते. शेंगा भिजतात, दाणा काळवंडतो आणि आडतीवर 'डागी' म्हणून भाव पडतो. 'पाऊस' म्हणून चुकणारे अ‍ॅप फार तर ताडपत्री अंथरायची मेहनत वाया घालवते. तेव्हा दादा स्वतः विचारतात, "त्या घाबरटाचं काय म्हननं हाय?" जूनमध्ये वर्गात शेवटचा आलेला विद्यार्थी ऑक्टोबरात पहिला येतो आणि दोन्ही निकाल खरे असतात. चूक कुणाच्या खिशातून भरली जाते ते पाहिल्याशिवाय नुसती टक्केवारी मांडणे, हा मला तरी आता पोरखेळ वाटतो.

विजेचे मात्र वेगळे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' नावाचे अ‍ॅप आसपासच्या 20 ते 40 किलोमीटरांत वीज पडण्याचा धोका असेल तर इशारा देते. त्या बाबतीत वहिनी तुलना-बिलना करीत नाहीत. फोन वाजला की निंदणाऱ्या बायांना हाक मारून लिंबाखालून बाहेर काढतात आणि घराकडे पिटाळतात. वीज न पडता दहादा काम खोळंबले तरी त्यांची तक्रार नसते.

2024 च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात जो पाऊस कोसळला, त्यानंतर वहीत एक नवी भानगड उभी राहिली. मंडळाच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस नोंदला तर ती अतिवृष्टी. पण मापक एका गावी आणि वावर दुसऱ्या गावी. आपल्या बांधावर नेमका किती पडला हे सांगायला शेतकऱ्याजवळ काहीच नसते. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. त्या हिशेबाने 65 मिलिमीटरचे अडीच लाखांहून अधिक लिटर होतात. एवढे पाणी अंगणातून वाहून जाते आणि त्याची दोन ओळींची नोंद घरात नसते!

मी परभणीहून एक साधा पर्जन्यमापक नेऊन दिला. झाडापासून, भिंतीपासून दूर, आखाड्यासमोर मोकळ्यावर तो रोवला आहे. हवामान खाते सकाळी साडेआठला मोजते, म्हणून वहिनीही साडेआठलाच मोजतात आणि आकडा मला मोबाईलवर पाठवतात. हजेरीपटात चार रकाने होते, आता पाचवा आखला आहे. चौघांची भाकिते माझ्या अक्षरात आणि त्यांच्यापुढे वहिनींचा आकडा. कधी नुसता आकडा नसतो. परवाच्या नोंदीत लिहिले होते : "अकरा. आपल्याकडं एवढाच. ओढ्यापलीकडं लई."