ट्रेडपासून ट्रस्टपर्यंत

लातूर आणि नांदेड येथील व्यापारी घरांतील मुले इंग्रजी शब्द पाठ करतात ते बहुधा आद्याक्षरांच्या क्रमाने. टी आणि आर या अक्षरांपाशी आले की लहान लहान शब्दांची रांग लागते : ट्रेड, ट्रू, ट्रूस, ट्रस्ट, ट्रक, ट्रेट. प्रत्येकापुढे एक मराठी प्रतिशब्द लिहिलेला असतो आणि परीक्षेपुरते तेवढ्यावर भागते. परंतु ज्या घराचा चरितार्थ मोंढ्यातील आडतीवर चालतो, त्या घराने तरी या शब्दांच्या कुळाची चौकशी केली पाहिजे. सोयरीक जुळविताना ज्या घरात कूळ पाहिले जाते, त्याला हे काम अवघड नाही.

ट्रेड म्हणजे व्यापार, हे सर्वांना ठाऊक आहे. मुळात मात्र या शब्दाचा अर्थ वाट, माग असा होता. पाऊल टाकणे या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याचाच भाऊबंद. देवनागरीत तर दोन्ही सारखेच लिहिले जातात. पुन्हा पुन्हा चालून जी वाट मळते, ती ट्रेड. ज्या पेढीची पायरी शेतकऱ्याच्या तीन पिढ्या चढल्या, त्या पेढीला हा अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

ट्रू, ट्रूथ आणि ट्रस्ट हे तीन शब्द एकाच घरातले. खरे, सत्य आणि विश्वास यांच्या मुळाशी ‘घट्ट, न डळमळणारे’ हा एकच भाव आहे. भाषेचे अभ्यासक याच मुळाशी झाडाचे इंग्रजी नाव ट्री आणि संस्कृतातील दारु, म्हणजे लाकूड, हे शब्दही जोडतात. ट्रूस म्हणजे तह. हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘वचन’ या अर्थाच्या शब्दाच्या अनेकवचनातून आला आहे. एकाने दिलेल्या शब्दाने तह होत नाही. दोन्हीकडून शब्द यावा लागतो. संवत्सरीला क्षमा मागणाऱ्याने क्षमा करायचीही असते, हे जाणणाऱ्या समाजाला यात नवल वाटणार नाही.

आद्याक्षरे सारखी म्हणून सगळेच सगोत्र ठरत नाहीत. मालवाहू ट्रकचा संबंध चाकाशी आहे. पण इंग्रजीत वस्तुविनिमय या अर्थाचा दुसरा ट्रक होता आणि अ‍ॅडम स्मिथ यांच्या १७७६ सालच्या ग्रंथात तो त्याच अर्थाने आला आहे. ट्रेट हा तर आता विस्मृतीत गेलेला शब्द. बारदानाचे वजन वजा केल्यावरही धूळ व घट यांपोटी दर १०४ पौंडांमागे ४ पौंडांची जी सूट मिळे, ती ट्रेट. मोंढ्यातला कडता हा त्याचा सख्खा शेजारी. सूट उघड ठरलेली असेल तोवर ती रीत. हळूच वाढविली की ती चोरी. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत घेण्याचे व देण्याचे माप वेगळे ठेवणे आणि अस्सल म्हणून नक्कल खपविणे हे दोन आहेत. ट्रूथ आणि ट्रेट यांची आद्याक्षरे एक. त्यांतील अंतर ओळखणे तराजू धरणाऱ्याच्या हाती असते.

शब्दाचा अर्थ कसा घ्यावा, याचा विचार जैन परंपरेने निक्षेपाच्या रूपाने केला आहे. नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव अशा चार प्रकारे एकच शब्द समजून घेता येतो. ट्रस्ट या शब्दाला ही कसोटी लावून पाहावी. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंद झाली, फलक लागला, की नावाचा ट्रस्ट उभा राहतो. भावाचा ट्रस्ट उभा राहायला प्रसंग यावा लागतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांच्या संगोपनाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली आणि पुण्याजवळ वाघोली येथे त्यांची सोय केली. घर गेलेले, माणसे गेलेली. उरलेले मूल परक्या गावी परक्यांच्या हाती द्यायचे. असा विश्वास कोणत्याही दस्तावर लिहून मिळत नाही. ट्रस्टच्या मूळ शब्दाचा एक अर्थ ‘आधार’ असाही होता. त्या वर्षी मराठवाड्याने तो पाहिला.

मुलांनी यादी जरूर पाठ करावी, गुणही मिळवावेत. मात्र पुढे गादीवर बसताना त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे की ट्रेडची वाट ट्रूथच्या दारावरून गेली, तरच ती ट्रस्टपर्यंत पोहोचते.