वेरूळ ओलांडून गौताळ्याकडे

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातलं सर्पालय पाहून मी कन्नडच्या रस्त्याला लागलो. काचेआडचा नाग आणि गौताळा अभयारण्यातला नाग एकाच जातीचे. पण पहिला जेवेनासा झाला तर डॉक्टरला बोलावता येतं. दुसरा आजारी पडला तर कुणाला पत्ताही लागत नाही. दौलताबादचा किल्ला मागे पडला, खुलताबादचा घाट झाला आणि वेरूळ आलं. तिथल्या 32व्या क्रमांकाच्या जैन लेण्यात पार्श्वनाथ निश्चल उभे आहेत, मागून नाग वर चढला आहे आणि त्याच्या फण्यांचं छत्र त्यांच्या डोक्यावर आलं आहे. सापाला हात जोडायचे आणि तो घरात निघाला की काठी शोधायची, या दोन्ही सवयी आपल्याकडे जुन्या. सर्पमित्राला फोन करायची तिसरी सवय अलीकडची, आणि फार चांगली. मात्र साप पकडून रानात सोडला की संरक्षण झालं, हे मला पटत नाही. जिवंत सापाची तपासणी आणि मेलेल्याचं शवविच्छेदन ज्या दिवशी नेमाने होऊ लागेल, त्या दिवशी आपण खऱ्या अर्थाने सरपटणाऱ्या प्राण्यांचं संरक्षण करू लागू.

याचा पुरावा चंबळच्या काठी आहे. 2007-08च्या हिवाळ्यात तिथे शंभरावर सुसरी मेल्या. अंगावर जखम नाही, जाळ्याचा वळ नाही. पशुवैद्यकांनी त्यांची पोटं उघडली तेव्हा मूत्रपिंडांवर आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे खडूसारखे पांढरे थर सापडले. मूळ विष कोणतं यावर एकमत झालं नाही. पण घात मूत्रपिंडांचा झाला हे कळल्यामुळेच नदीचं पाणी आणि त्यातले मासे तपासायला हवेत हे लक्षात आलं. गिधाडांचंही तसंच. ती का संपत चालली याबद्दल किती तर्क लढवले गेले! मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून 2004मध्ये गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध पकडलं गेलं आणि 2006मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. रानातले रोग रानच निस्तरेल, असं म्हणणाऱ्यांना ही दोन उदाहरणं पुरेशी आहेत. गिधाडांच्या मरणाचं मूळ तर रानात नव्हतंच.

वेरूळच्या पुढे दोन्ही अंगांना मका, कपाशी, मधेच आल्याचे वाफे. मका आला की उंदीर आला, आणि उंदरामागे धामण येणारच. याच शिवारात फवारे चालतात, उंदरांसाठी विषाचे गोळे टाकले जातात. विष खाल्लेला उंदीर धामणीच्या पोटात गेला तर तिचं काय होतं? बांधावर पडलेल्या धामणीकडे पाहून ते सांगता येत नाही, तिचं यकृत तपासावं लागतं. घोरपडीच्या खवल्यांच्या फटीत गोचीड बसलेली असते, जवळून पाहिलं तर चपट्या मसुरीच्या दाण्याएवढी. त्या गोचिडीच्या पोटात कोणते जंतू आहेत, हाही प्रयोगशाळेचाच प्रश्न. पकडलेला साप तोंड कुजलेला, जंतांनी पोखरलेला असेल आणि तो दहा कोसांवरच्या रानात सोडला, तर रोगही तिथे सोडला.

यावर रास्त आक्षेप येतो: माणसं सर्पदंशाने मरताना सापाच्या आजारावर खर्च कशाला? 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशाने गेली, बहुतेक खेड्यांतली, असा संशोधकांचा अंदाज आहे. हा आकडा लहान मानणारा माणूस शेतात राबलेला नसणार. पण प्रतिसर्पविष सापाच्याच विषापासून बनतं. ते विष बहुतांशी तामिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं हे संशोधनातून दिसलं आहे. म्हणजे मराठवाड्यातल्या घोणशीचा अभ्यास मराठवाड्यातल्या शेतकऱ्यासाठीच हवा. माणूस वाचवायचा की साप, असा हा सवाल नाहीच.

दुसरी अडचण माणसांची. तालुक्याच्या पशुवैद्यकाला गाई-म्हशींतून सवड नसते आणि साप त्याच्या शिक्षणात फारसा आलेला नसतो. हे खरं आहे, पण सुटण्यासारखं आहे. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नागपूरला गोरेवाड्यात वन्यजीवांसाठी केंद्र आहे. कन्नडहून नमुना तिथवर पोचवायला बर्फाची पेटी, एक नोंदवही आणि वन विभागाची परवानगी लागते. परवानगी हवीच, कारण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 39 प्रमाणे मेलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता असतो. नोंदवहीत जागा, तारीख आणि आसपासचं पीक एवढं लिहिलं तरी दहा वर्षांनी गौताळ्याचा रोगांचा नकाशा हाती येईल.

कन्नडच्या पुढे डोंगर सुरू होतात आणि अभयारण्याची हद्द लागते. या वाटेने जाणाऱ्यांना आणि इथे शेती करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. साप किंवा घोरपड मेलेली दिसली तर जाळू नका, कुंपणापलीकडे भिरकावू नका, हातही लावू नका. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि त्या प्राण्याची तपासणी व्हावी, असा आग्रह धरा.