जेवत्या पाखराला उठवू नये

आक्षी हे नाव मी वीस वर्षे वर्गात घेत आलो आहे. अलिबागच्या दक्षिणेला हाकेच्या अंतरावर असलेल्या या गावात एक शिलालेख आहे. शं. गो. तुळपुळे यांनी तो शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा, ठरवला आणि मराठीच्या आद्य शिलालेखाचा मान आक्षीकडे आला. दरवर्षी नव्या मुलांना मी ते सांगतो, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत शके चुकवतात. पण ज्या गावाच्या दगडावर माझी निम्मी उपजीविका चालते, त्या गावचा समुद्र मी कधी पाहिला नव्हता.

तो पाहण्याचा योग पाखरांनी आणला. मराठीचा मास्तर चाळिशी उलटल्यावर एक तर ज्ञानेश्वरीकडे वळतो, नाही तर होमिओपॅथीकडे. मी कॅमेऱ्याकडे वळलो. एका माजी विद्यार्थ्याने त्याची तोफेएवढी लेन्स चार दिवसांसाठी दिली आणि म्हणाला, “सर, एप्रिलमध्ये आक्षीला जा. पाखरं परत निघायच्या आधी रंगात येतात.”

१२ एप्रिल २०२५, शनिवार, चैत्री पौर्णिमा. आदल्या दिवशी गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबाग आणि पुढे रिक्षाने आक्षी असा प्रवास करून मी मुक्कामाला पोचलो होतो. भरतीची वेळ काढायला कोकणात घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी पहाटे. उजाडता उजाडता मी सुरूच्या बनातून बाहेर आलो, तेव्हा गावात हनुमानजन्माची घंटा वाजत होती आणि समुद्र इतका दूर गेला होता, की तो रुसून गेला की काय, असे वाटावे.

मधल्या ओल्या वाळूवर पाखरे होती. पाचपन्नास नव्हेत, शेकड्यांनी. लाटेच्या मागे धावत जाणारे आणि लाट वळली की उलट पळत येणारे पांढुरके तुतवार. चार पावले दुडदुडत जाऊन एकदम थबकणारे चिखले. आणि ज्याच्यासाठी मी आलो होतो तो बाकचोच तुतवार. चोच टोकाशी खाली वाकलेली, शिवणयंत्राच्या सुईसारखी वाळूत खालीवर चाललेली. हिवाळाभर हा पक्षी मातकट असतो. चैत्रात त्याला वीटकरी रंग चढू लागतो. तो मला दिसला तेव्हा अंगावर निम्मा जुना रंग, निम्मा नवा. रंगारी मध्येच जेवायला निघून जावा, तशी त्याची अवस्था होती.

मी वाकून निघालो. साठ पावलांवर पोचलो आणि थवा उडाला. शंभर हात पलीकडे जाऊन पुन्हा बसला. मी पुन्हा निघालो, तो पुन्हा उडाला. असे चार वेळा झाले. पाचव्यांदा मी गुडघ्यांवर रांगत असताना मागून आवाज आला,

“मास्तर, काय हरवलाय का तुमचा?”

हातात टोपली घेतलेली एक म्हातारी कोळीण उभी होती. मी मास्तर आहे, हे तिने कसे ओळखले, कोण जाणे. रांगण्यातही पेशा दिसत असावा. मी म्हटले, “मावशी, फोटो काढतोय पाखरांचे.”

“तीं जेवतान नं? जेवत्याला उठवतान का कोन? बसा हितंच. पानी भरला का तींच येतील.”

एवढे बोलून ती खुबे वेचायला निघून गेली. मी मात्र वाळूवर बसलो तो ओशाळून. कारण ती जे सहज बोलली, ते मी पुस्तकात वाचले होते आणि विसरलो होतो. हा बाकचोच तुतवार साऱ्या अंगाने पन्नास-साठ ग्रॅमचा. त्याला जायचे असते सैबेरियाच्या उत्तर टोकाला, टुंड्रात; सरळ रेघ ओढली तरी सहा हजार किलोमीटर. चिखल्यांतले कित्येक तिबेटच्या पठाराकडे निघालेले. शिदोरी पाठीला बांधता येत नाही, म्हणून ती चरबीच्या रूपाने अंगातच साठवायची. तीही ओहोटीच्या त्या पाचसहा तासांत, कारण नंतर ताटच पाण्याखाली जाते. तिकडे बर्फ वितळताच पोचायचे, अंडी घालायची आणि पिले वाढवून थंडीच्या आत परतायचे. अशा प्रवाशाला मी तासाभरात चार वेळा ताटावरून उठवले होते आणि त्याला पक्षिप्रेम म्हणत होतो!

वाळूवर आडव्या पडलेल्या सुरूच्या एका खोडाला टेकून मी स्वस्थ बसलो. पाणी चढू लागले. जसजशी वाळू आक्रसली, तसतशी पाखरे आपणहून माझ्या बाजूला सरकली. सूर्य माझ्या पाठीशी होता. साडेआठच्या सुमारास तो अर्धा रंगलेला तुतवार वीस हातांवर आला, एक लांबलचक किडा ओढून काढला आणि माझ्याकडे न पाहता गिळला. तेवढा फोटो मला मिळाला.

अकराच्या पुढे उधाणाने किनाऱ्याची जेमतेम एक पट्टी उरली. तिच्यावर सारा थवा एका पायावर उभा राहून, चोच पाठीत खुपसून झोपी गेला. आणि मी अडकलो. उठलो तर ते उठणार! खाणावळीत सांगून ठेवलेले जेवण निवत होते. खोटे कशाला बोलू, मनात एक पापही आले. एक टाळी वाजवली असती, तर निळ्या आकाशावर शेकडो पंखांचा असा फोटो मिळाला असता, की दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर शोभावा. हात कॅमेऱ्यावर होता. आजूबाजूला पाहणारेही कोणी नव्हते.

टाळी मी वाजवली नाही. पाय मुंग्यांनी बधिर झाले, मान भाजली. एकच्या पुढे पाणी उतरू लागले तशी पाखरे एकेक करून जागी झाली, पंख ताणले आणि सगळी मिळून ओल्या वाळूकडे उडाली. त्या क्षणी कॅमेरा मांडीवर होता आणि मी दोन्ही हातांनी पाय चोळत होतो.

खाणावळीतल्या बाई म्हणाल्या, “जेवण गार झालं हो सर. कुठे होतात?”

“एका पंगतीत बसलो होतो,” मी म्हटले.

परतताना शिलालेखाचे दर्शन घेतले. दान दिलेल्या गोष्टीला जो हात लावील, त्याला शाप देण्यासाठी असे दगड आपल्याकडे उभारत. वर चंद्र-सूर्य कोरलेले, ते असेतो आज्ञा चालावी म्हणून. त्याच चंद्र-सूर्यांनी त्या दिवशी पाणी चढवले आणि उतरवले होते. ओहोटीची वाळू कोणी कोणाला दान दिली, याचा लेख मात्र कुठल्या दगडावर नाही. तो त्या म्हातारीला पाठ होता.