आबांचा खांदा

आबांचा खांदा दाखवायला आम्ही भोईवाड्यात उतरलो, तेव्हा चुलता म्हणाला, "बरोबर जागी आलास दादा. भोई म्हंजे खांद्यावर पालखी घेणारी माणसं!" आबा हसले नाहीत. दोन वर्षं त्यांचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. उसाची मोळी ट्रॉलीत चढवताना फळीवरून घसरले होते. आम्ही तेल चोळलं, शेक दिला, गावात हाडही बसवून घेतलं. हाड हललंच नव्हतं. पटका आता आईच बांधायची, आणि तेवढा वेळ आबा भिंतीकडं तोंड करून बसायचे.

गिरणी बंद पडली तरी चुलत्यानं खोली सोडली नव्हती. केईएम तिथून पायी.

डॉक्टरांनी एमआरआय पाहिला आणि कागदावर खांदा काढला. सांध्याच्या गोळ्याला चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे दोऱ्या, चहूकडून धरून असतात. "तुमची वरची दोरी तुटून आत ओढली गेलीय. तिच्या स्नायूची चरबी झालीय. टाके धरायचे नाहीत." सांधा झिजला असता तर कृत्रिम बसवला असता, तो शाबूत होता. म्हणून पाठीच्या रुंद स्नायूची कंडरा दंडाच्या हाडापासून सोडवायची आणि वर गोळ्यावर आणून शिवायची. या स्नायूचं जन्मभराचं काम हात खाली ओढण्याचं. आता त्याला वर उचलायला शिकवायचं.

आबा पहिल्यांदाच बोलले. "म्हंजे डाव्या अंगाचा बैल उजवीकडं जुपायचा."

"तसंच. पण मोळी विसरा. डोक्यापर्यंत हात पोचला तरी खूप."

ऑपरेशननंतर सहा आठवडे हात पट्ट्यात, अंगापासून लांब धरलेला. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहाजण त्या कोपराखालून वाकून ये-जा करायचो. मग व्यायाम. आधी कोपर बरगडीशी दाबायचं, म्हणजे स्नायू जुन्या हुकुमाला जागा होतो. मग तोच जोर धरून हात वर. पहिले कित्येक दिवस काहीच होईना. स्नायूलाच कळत नव्हतं, आपण कुठं आहोत! रात्री अंधारात आबांचा आवाज यायचा, "हैक... हैक रं माझ्या राजा." आधी आम्ही हसायचो, नंतर गप्प पडून ऐकायचो.

आठ महिन्यांनी, गावी, एका सकाळी आबा पटका बांधूनच ओसरीवर आले. पार तिरका होता. आईनं सारखा करायला हात पुढं केला, तशी ते एक पाऊल मागं सरले.