आईचा काढा

काढ्याला नावं ठेवायला बसलो नाही, हे आधीच सांगतो. सुंठ, गवती चहा, गुळाचा खडा घालून आई पहाटे पातेलं चढवते. गरम पेल्याभोवती बोटं जरा सैल पडतात. तेवढं सुख खरं. त्याला औषध म्हणायचं का, भांडण तिथं आहे.

आई घाटकोपरहून मुलुंडला जाते. चार घरची धुणीभांडी. तीन वर्षांमागं म्हणाली, ‘बोटं लाकडावानी झाल्यात रं.’ दोन्ही हातांची. सकाळी तास-दीड तास मूठच वळेना. वस्ती म्हणाली, वात. एका डॉक्टरानं तर हात न लावताच सांगितलं, वय झालं, काढा घ्या. आईचं वय तेव्हा बेचाळीस! बापाचा हात असा सुजला असता तर घरानं कर्ज काढलं असतं. बाईच्या दुखण्याला काढा, कारण तो स्वस्त.

शेवटी रक्त तपासलं. आमवात निघाला, डॉक्टरी भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. पुरुषांपेक्षा बायांना दुप्पट-तिप्पट होतो. वयानं गुडघे झिजतात ते वेगळं. यात शरीराची राखण करणारी शक्तीच आपल्या सांध्यांवर उठते. राखणदार अंगावर येतो म्हणजे काय, हे रमाबाईनगरला समजावून सांगायला नको. ११ जुलै १९९७ ला राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी आपली १० माणसं इथंच पडली.

आता डोकं चालवा, दोस्तहो. २०२० च्या करोनात जो तो गुळवेल उकळत होता. म्हणे प्रतिकारशक्ती वाढते. अरे, कुणाची वाढवताय? जी आधीच सांधे खातेय तिची? त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण सापडले, लिव्हरला इजा झालेले. २०२१ मध्ये त्यांनी ते छापलं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, वनस्पती दुसरीच असेल म्हणाले. असू दे वाद. आईच्या गोळीचा, मेथोट्रेक्सेटचा, लिव्हरला आधीच त्रास होऊ शकतो. म्हणून तर अधूनमधून रक्त तपासतात. त्यात गुळवेल कशाला? सुंठ-गवती चहा चालू दे. पण सांध्याची नासाडी रोखते ती गोळी, तीही वेळेत सुरू झाली तर.

आणि ही गोळी आठवड्यातून एकच दिवस. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. चिठ्ठी मात्र इंग्रजीत! आईला वाचता येत नाही, म्हणून कॅलेंडरवर प्रत्येक बुधवारभोवती मी निळा गोल काढलाय. पोटात गर्भ असेल तर त्याला ही गोळी घातक. तरण्या बायांना हे कुणीतरी आधीच सांगायला पाहिजे.

शेजारची मावशी अजून नुसत्या काढ्यावर आहे. तिची बोटं कडेला कलायला लागलीत. परवा म्हटलं, पातेलं चढव खुशाल, पण रक्त तपास. म्हणाली, ‘खाडा केला की बाई पगार कापते.’

सोमवारी त्या बाईंशी बोलायला मी जाणार आहे.